निवडणारी

१

वाचनालयाच्या मोठ्या हॉलमधली बारा राशींची चित्रं आमच्या कार्यशाळेत आली, तेव्हा बारांपैकी एकही धड दिसत नव्हतं. साठेक वर्षांची धूळ, धूर आणि काळपट पडलेलं व्हार्निश. मी जुन्या चित्रांची डागडुजी करायचे. बावीस वर्षं तेच केलं. खिडकीशी बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि दिवसभरात तळहाताएवढा तुकडा साफ करायचा. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, मला कधी वाटलं नाही.

या चित्रांची गंमत अशी, की त्यांत मेंढा नाही, सिंह नाही, तराजू नाही. प्रत्येक चित्रात एक खोली आणि खोलीत काहीतरी करणारं माणूस. रास ओळखायची ती रंगवण्याच्या तऱ्हेवरून. मेषेतला माणूस खांद्यानं दार ढकलतोय, आणि रंग नळीतून थेट कॅनव्हासवर फासल्यासारखा. एकाही फटकाऱ्यावर दुसऱ्यांदा ब्रश फिरलेला नाही. वृषभेत टेबलाशी ऐसपैस बसलेली जाडजूड बाई, आणि रंगाचा थर इतका दाट की बोट ठेवलं तर रुतेल. मिथुनेत दोघं एकाच वेळी बोलताहेत, उजेड दोन खिडक्यांतून येतो, त्यामुळे प्रत्येक वस्तूला दोन सावल्या. कर्केतल्या सगळ्या रेषा आत वळतात, खोली शिंपल्यासारखी मिटत येते. त्या चित्रकारानं राशी काढल्याच नव्हत्या. त्या त्या राशीच्या माणसानं कसं रंगवलं असतं, तसं रंगवलं होतं.

"तू कन्या ना?" आमच्या प्रमुख मॅडमनी कामं वाटताना विचारलं. पेपरातलं भविष्य वाचल्याशिवाय त्या पहिली फाइल उघडत नसत.

"पत्रिका मी मानत नाही."

"मानू नकोस. साफ कर फक्त. आणि खाली लावायला चार ओळी लिहून दे, चित्रात राशीचा स्वभाव कुठे दिसतो ते."

कन्येच्या चित्रात एक बाई टेबलाशी बसून धान्य निवडत होती. मागे मोकळी भिंत. मान खाली, केस पुढे ओघळलेले आणि त्यावर व्हार्निशचा काळोख, म्हणून चेहरा दिसत नव्हता. डाव्या हाताशी निवडलेले दाणे. उजवा हात टेबलाच्या कडेबाहेर, चिमटीत काहीतरी धरलेलं, खाली टाकायच्या बेतात. "ही बघ, कन्येची रास," असा दाण्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून मी विनोदही केला होता. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी जाणवली. अख्ख्या चित्रात ब्रशचा माग नव्हता. भिंग घेऊन शोधला. दाणा न् दाणा वेगळा, प्रत्येकाला स्वतःची सावली, आणि एकही किडका नाही. माणसाचा हात कुठेतरी थरथरतो, कुठेतरी कंटाळतो. इथे नाही.

चौथ्या दिवशी, टेबलाच्या कडेवर रंगाची एक खपली उडाली होती, ती मी भरली. मुगाएवढी जागा. संध्याकाळच्या उजेडात माझा रंग किंचित तांबूस दिसायला लागला. सकाळी बघू, म्हणून तसाच सोडला.

सकाळी तो बरोबर होता.

सुकताना रंग बदलतो, हे मला कुणी सांगायला नको. तरी मी जांभळा दिवा लावून बघितलं. त्या दिव्याखाली जुना रंग मंद उजळतो आणि नवीन भरलेला काळा ठिक्कर दिसतो. लपवालपवी चालत नाही. टेबलाची कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी उजळली. काळा ठिपका नव्हताच. माझा रंग तिथे नव्हता. तिथे साठ वर्षांपूर्वीचा रंग होता.

२

घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा शिंपी होते. कोटाचा खांदा बसवावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. चार वर्षांपासून हात थरथरायला लागले, दुकान बंद केलं, पण सुयांचा डबा मांडीवर घेऊन बसायची सवय सुटली नाही. टाचण्या सतरंजीत सांडायच्या. चहा बशीत, बशीतून सदऱ्यावर. टवका उडालेला एक निळ्या काठाचा कप होता, त्याखेरीज दुसऱ्यातून पीत नसत. दिवसभर एकच गाणं गुणगुणायचे आणि दर वेळी एकाच जागी बेसूर व्हायचे.

आणि मला चिमी म्हणायचे.

चिमी माझी थोरली बहीण. ती चौदाची असताना तापानं गेली, मी तेव्हा अकराची. बोटांना कायम शाई, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, तोंडात घास असताना हसायची आणि मार खायची.

"चिमी, चष्मा बघ गं कुठाय."

"चिमी नाही बाबा, धाकटी."

"हां, धाकटी. चष्मा बघ."

हे रोजचं. मी रोज दुरुस्त करायचे. माझा स्वभावच तो. कपाचा कान एका बाजूला वळवायचा, सतरंजीची घडी सरळ करायची, बाबांच्या मागे मागे फडकं घेऊन फिरायचं. एकदा, फार दमले होते तेव्हा, म्हणून गेले, "बाबा, एक गोष्ट तरी नीट करा ना हो." हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

३

आमच्याकडे कामाचे रोज फोटो काढून ठेवतात. फोटो काढणाऱ्याला आम्ही फ्लॅश म्हणायचो, कारण एक वाक्य पूर्ण करायला त्याला अर्धा चहा लागायचा. त्याला मी टेबलाच्या कडेची गोष्ट सांगितली.

"तू केलंस आणि विसरलीस," तो म्हणाला. "मी परवा... झाकण न काढता बारा फोटो काढले."

"दिव्याखाली दिसायला हवं होतं."

"दिवा जुना झालाय."

असेल. पण मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी चित्रातल्या मोकळ्या भिंतीवर एक तपकिरी ठिपका दिला. सहज पुसता येईल असा, राईएवढा. फ्लॅशनं फोटो घेतला. खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात, आणि आम्ही दोघं जेवायला खाली गेलो. अर्ध्या तासानं परत आलो.

भिंत स्वच्छ होती.

फ्लॅश वाकून बघत राहिला. मग कॅमेऱ्यात बघितलं. तिथे ठिपका होता.

"सुकून पडला असेल," तो म्हणाला.

"खाली बघ."

खाली काही नव्हतं. त्यानं कॅमेऱ्याचा स्टँड मिटला. "मला तुळेचे फोटो घ्यायचेत," म्हणाला, आणि हे वाक्य मात्र त्यानं एका दमात पूर्ण केलं. त्यानंतर तो कन्येचे फोटो दारातून घ्यायला लागला.

मी स्वतःला समजावत राहिले. उन्हाळा आहे, खोली तापते, डोळे शिणतात. पण वापरून टाकलेले कापसाचे बोळे मी बरणीत कसेही फेकायचे, ते त्या दुपारी एकावर एक, लहानमोठ्याच्या क्रमानं लागलेले होते. माझ्या हातून नकळत झालं असेल का? झालं असेल. हीच तर अडचण होती. तिथे जे जे चुकीचं घडत होतं, ते मी केलं असण्यासारखं होतं.

आणि एक आवाज यायला लागला. टक. लाकडी जमिनीवर दाणा पडावा तसा. मी खाली बघायचे. काही नाही. पुन्हा कामाला लागायचे. तासाभरानं पुन्हा, टक.

४

दुसऱ्या आठवड्यात उजवा खालचा कोपरा घेतला. तिथे टेबलाच्या पायाशी, बाईच्या उजव्या हाताखाली, एक गडद ढीग होता. निवडून टाकलेले खडे, असं मी माझ्या चार ओळींत लिहूनसुद्धा ठेवलं होतं: "कन्येचा स्वभाव जे ठेवलं त्यात दिसतो, तितकाच जे टाकलं त्यात."

आम्ही नाजूक जागा थुंकीनं साफ करतो. हसू नका, इतकं सौम्य दुसरं काही नसतं. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा आणि हलके फिरवायचा. व्हार्निश सुटत गेलं तसा ढीग उजळत गेला. ते खडे नव्हते.

दाण्याएवढ्या वस्तू होत्या. फणीचा मोडका दात. गाठ पडलेला दोरा. वाकडा खिळा. मी भिंग बदललं, मोठं घेतलं. एका कपाचा तुकडा होता, पांढरा, निळा काठ, आणि काठाला अर्धचंद्रासारखा टवका.

तो टवका मी दहा वर्षं रोज विसळला होता.

निळ्या काठाचे कप जगात लाखभर असतील, असं मनाला बजावत मी संध्याकाळी घरी गेले. बाबा खुर्चीत चहा पीत बसले होते. हातात पांढरा कप, कोरा करकरीत. सदऱ्यावर डाग नाही. बशी कोरडी.

"तुमचा कप कुठाय?"

"हा काय."

"हा नाही. टवका उडालेला."

"टवका उडालेल्या कपात कुणी पितं का?" बाबा म्हणाले.

हे वाक्य माझं होतं. दहा वर्षं मी त्यांना हेच ऐकवत आले होते. मी फळी बघितली, मोरी बघितली, केराची बादली उपडी केली. मग बाबांकडे लक्ष गेलं. कप त्यांनी एका हातात धरला होता, आणि हात हलत नव्हता.

५

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सगळंच सांगायचं तर हेही सांगायला हवं.

शेजारच्या काकू बघून गेल्या. डॉक्टरांनी बाबांना हात पुढे धरायला लावले, बोटांवर कागद ठेवला, कागद हलला नाही. "औषध लागू पडलंय," ते म्हणाले. बाबांनी सुईत दोरा ओवला, एका झटक्यात. माझ्या कोटाचं गेल्या हिवाळ्यापासून लोंबणारं अस्तर शिवून दिलं. टाके इतके बारीक की उलट्या बाजूनं दिसेनात. मी ते भिंगाखाली धरून बघितले आणि एकाएकी मला ते धरवेनात.

गुणगुणणं थांबलं होतं. मला ते दोन दिवसांनी कळलं. घरात काहीतरी कमी वाटत होतं. मी घड्याळ बंद पडलंय का ते बघितलं.

"बाबा, गाणं म्हणा ना तुमचं."

"मला कुठे गाता येतं?"

"येत नाही, पण तुम्ही म्हणता."

"येत नाही तर कशाला म्हणायचं?" त्यांनी समजुतीनं विचारलं.

सतरंजीत टाचणी नाही. टेबलावर डाग नाही. मागून हाक आली, "धाकटे, चष्मा सापडला." मी जागच्या जागी थांबले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला बरोबर हाक मारली होती, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, चिमी म्हणा.

संध्याकाळी ते कपड्यांच्या घड्या घालत होते. हात थांबवून म्हणाले, "तुला आम्ही धाकटी का म्हणतो गं?"

"म्हणजे?"

"कोणापेक्षा धाकटी? तू तर एकटीच."

मी कपाटातून फोटो काढून आणला. मी आणि चिमी, एका बाकावर, तिच्या नाड्या सुटलेल्या. बाबांनी फोटो दूर धरून बघितला. म्हातारी माणसं विसरतात तेव्हा चेहऱ्यावर एक शोध दिसतो, हरवल्याची खूण दिसते. तसं काही नव्हतं. त्यांचा चेहरा स्वच्छ होता.

"शेजारची कुणी असेल," ते म्हणाले. "पोरगी गबाळी दिसते."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि चिमीचं हसणं आठवायचा प्रयत्न केला. ती तोंडात घास असताना हसायची, हे मला माहीत होतं. पाठ केलेल्या वाक्यासारखं माहीत होतं. आवाज येईना. 

६

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी, साडेसातला कार्यशाळेत पोचले. मॅडमना आदल्या दुपारीच म्हटलं होतं, हे चित्र दुसऱ्या कुणाला द्या. "दोन महिन्यांवर उद्घाटन आलंय," त्या म्हणाल्या होत्या. "आणि असला हात दुसऱ्या कुणाचा आहे?"

खोली रात्रभर बंद होती, तरी हवा कोंदट नव्हती. टेबल पुसलेलं होतं. ब्रश उंचीप्रमाणे.

ढीग वाढला होता. मी साफ न केलेल्या भागातही तो आता वर आला होता, व्हार्निशच्या वर. भिंगातून मला रिबिनीचं एक टोक दिसलं आणि त्यावर शाईचा डाग. त्याच्या खाली काय आहे ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा भिंग आपोआप वर सरकलं, तिच्या हाताकडे.

चिमटीतली वस्तू इतके दिवस मी दाणाच समजत होते. ती पाठीतून वाकलेली होती. पांढरी होती, सदऱ्यासारखी. आणि एका बाजूला टिंबाएवढी चकाकी होती, शिवताना बोटात घालतात त्या टोपणासारखी.

मी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, काय करताय?"

"बसलोय."

"चहा झाला?"

"सगळं झालं," बाबा म्हणाले. आवाज शांत होता. "आता काही करायचं राहिलेलं नाही."

"मी येईपर्यंत काहीतरी करत राहा. सांडा. टाचण्या सांडा सतरंजीवर."

"कशाला?" ते म्हणाले, आणि मला पलीकडे, त्यांच्या खोलीत, तो आवाज ऐकू आला. टक.

आमच्या कामाचा एकच नियम आहे: मूळ रंगाला हात लावायचा नाही. मी कडक द्रावणाची बाटली काढली. कापसाचा मोठा गोळा त्यात बुडवला आणि तिच्या बोटांवर दाबून धरला. मग घासलं. कापूस गुलाबी झाला, मग तपकिरी. मी दुसरा घेतला. दोन बोटं आणि अंगठा गेला, खालून कोरं कापड दिसायला लागलं, आणि चिमटीतलं ते पांढरं विरघळून चटकन नाहीसं झालं. बाबा तिथून सुटले की तिथेच पुसले गेले, ते मला कळेना. माझे हात थरथरत होते, बाबांचे थरथरायचे तसे.

वासानं डोळ्यांत पाणी आलं. पुसून वर बघितलं.

तिची मान आधी इतकी वर नव्हती. केस बाजूला झाले होते, आणि केसांच्या मागे गालाचा थोडा भाग होता, गुळगुळीत, ब्रशचा माग नसलेला. पुढे डोळा असायला हवा तिथपर्यंत मी बघितलं नाही. मी चित्र उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

दारात मॅडम उभ्या होत्या.

७

"का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"चूक झाली."

"तुझ्याकडून? चूक?" दुसरं काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला असता.

त्याच सकाळी मला घरी पाठवलं, आणि आठवड्याभरात कायमचं. मी धावतच घर गाठलं होतं. दार उघडलं तर बाबा जमिनीवर बसलेले, भोवती चहा सांडलेला, हात लटलट कापत होते.

"सांडला गं," ते ओशाळून म्हणाले.

मी तिथेच त्या चहात बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. पुसलं नाही. संध्याकाळपर्यंत पुसलं नाही.

पुढचे दोन महिने बरे गेले. डॉक्टर म्हणाले, औषधाचा जोर ओसरला. बाबा टाचण्या सांडायचे, मी सांडू द्यायचे. गाणं परत आलं, बेसूर होण्याच्या जागेसकट. मी घर मुद्दाम गबाळं ठेवायला लागले. अंथरूण तसंच, भांडी तशीच. काकूंना वाटलं, नोकरी गेल्याचा परिणाम. फक्त चिमी परत आली नाही. मी रोज फोटो दाखवायचे, नाव सांगायचे. बाबा ऐकून घ्यायचे. "हो का," म्हणायचे, परक्या माणसाच्या दुःखाला म्हणावं तसं.

मग फ्लॅशचा फोन आला. हॉलमध्ये चित्रं लागली होती, कन्यासुद्धा.

"हात कुणी केला?" मी विचारलं.

"मॅडम म्हणतात... हाताला काही झालंच नव्हतं."

"तू फोटो काढला होतास. पुसलेल्याचा."

"काढला होता. बघितला मी." त्यानं आवाज खाली आणला. "फोटोत हात पूर्ण आहे. मी आणखी काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस."

८

एका दुपारी बाबा झोपले असताना मी वाचनालयात गेले. हॉल भरलेला होता. मेषेखाली मुलं खुर्च्या फरफटवत होती. मिथुनेखाली दोन बाया कुजबुजत होत्या आणि तिथला कर्मचारी त्यांना हातानं दटावत होता. आमच्या लोकांनी काम चांगलं केलं होतं. वृषभेचा तो दाट रंग उन्हात मऊ दिसत होता.

कन्येखालच्या लांब टेबलाशी आठ माणसं होती. त्यांच्यात कुणी खोकत नव्हतं. एक तरुण मुलगी वहीतली एक ओळ खोडरबरानं खोडत होती. कागद फाटला होता, ती खोडतच होती. एका गृहस्थानं शेजारच्या बाईच्या बाहीवरचा दोरा चिमटीत धरून उचलला आणि बाजूला टाकला. त्या बाईनं वरही बघितलं नाही. खाली पितळी पट्टीवर माझ्याच चार ओळी होत्या, फक्त त्यांतला एक शब्द कुणीतरी बदलला होता. बदललेला जास्त चांगला होता.

मी मान वर केली. चित्र उंचावर होतं. हात पूर्ण होता, पाचही बोटं, सुरेख. पण चिमटी नव्हती. बोटं उघडलेली होती. तिनं जे धरलं होतं, ते टाकून झालं होतं.

खालच्या कोपऱ्यापुढे नवीन दिवा बसवलेला होता, त्यामुळे ढीग दिसत नव्हता. मी एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग कर्मचाऱ्याकडे गेले.

"शिडी मिळेल का? मी या चित्रावर काम केलंय."

त्यानं माझं नाव विचारलं, वही उघडली, बोट फिरवत यादी वाचली. मग पुन्हा वाचली. "या नावाचं कुणी नाही," तो सौजन्यानं म्हणाला.

मी घराकडे निघाले. चालता चालता पळायला लागले. बाबा, एवढंच डोक्यात होतं. तिनं बाबांना टाकलं असेल तर? जिन्यात काकू भेटल्या, त्या भिंतीला चिकटून मला वाट देत वर निघून गेल्या. माझ्या किल्लीनं दार उघडेना, म्हणून मी वाजवलं. आतून पावलं आली. कडी खडखडली, थरथरत्या हातानं काढावी तशी, आणि ती खडखड ऐकून माझ्या जिवात जीव आला. बाबा होते. बाबा जिवंत होते, आणि बाबाच होते.

दार उघडलं. सदऱ्यावर चहाचा डाग, चष्मा कपाळावर.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा खाली ओढला आणि मला नीट न्याहाळलं. ते दुकानात नवीन गिऱ्हाइकाशी ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात म्हणाले, "कोण पाहिजे आपल्याला?"

"मी. धाकटी."

त्यांनी एकदा मागे खोलीत बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाईट वाटू नये याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"घर चुकलात वाटतं," ते म्हणाले. "इथे मी एकटाच असतो."

त्यांच्या खांद्यावरून मला आतलं टेबल दिसत होतं. त्या टेबलाशी एकच खुर्ची होती.